तालुक्याच्या गावी रिटर्न भरून देण्याचे काम सुरू करताना

हा लेख विदर्भातील दर्यापूर, पुसद, हिंगणघाट, वरोरा किंवा आमगाव यांसारख्या ठिकाणी एक टेबल, एक संगणक आणि एक प्रिंटर घेऊन आयकर विवरणपत्रे भरून देण्याचे काम सुरू करू पाहणाऱ्यांसाठी आहे. शहरातील पगारदाराचे उत्पन्न बहुधा एका फॉर्म १६ मध्ये, म्हणजे कार्यालयाने दिलेल्या पगार व करकपातीच्या दाखल्यात, मावते. आपल्याकडे येणाऱ्या माणसाचे उत्पन्न मात्र पगार, वावर, दुधाचा रतीब, पोराच्या नावाचा ट्रक आणि संपादनात गेलेल्या जमिनीचा मोबदला असे पाच ठिकाणी विखुरलेले असते, आणि त्यांपैकी तीन गोष्टी तो विचारल्याशिवाय सांगत नाही. म्हणून या कामात आयकर विभागाचे पोर्टल उघडण्यापूर्वीची विचारपूस हेच मुख्य काम आहे. माहिती भरणे त्यामानाने सोपे असते.

आधी आपली हद्द ओळखावी. दुसऱ्याचे विवरणपत्र तयार करून देण्यासाठी वेगळी सनद लागत नाही. मात्र लेखापरीक्षण अहवालावर सही करण्याचा अधिकार फक्त सनदी लेखापालाला आहे, आणि पक्षकाराच्या वतीने आयकर अधिकाऱ्यासमोर बाजू मांडण्याचा अधिकार १९६१ च्या कायद्यातील कलम २८८ मध्ये सांगितलेल्या व्यक्तींनाच आहे. जीएसटीचे काम अधिकृतपणे करायचे असेल, तर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून स्वतंत्र नोंदणी आणि परीक्षा आहे. तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या सनदी लेखापालाशी पहिल्या वर्षापासूनच संबंध जोडून ठेवावा आणि आपल्या हद्दीबाहेरचे काम निःसंकोचपणे त्यांच्याकडे पाठवावे.

सध्याच्या संक्रमणाची जाणीवही ठेवली पाहिजे. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असून त्यात ‘पूर्व वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. असे असले तरी आर्थिक वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र जुन्या, म्हणजे १९६१ च्याच कायद्याखाली भरायचे आहे. या लेखातील कलमांचे क्रमांक आणि दर त्याच वर्षाचे आहेत.

पहिली पायरी : नाव, मोबाइल आणि बँक

पॅनवर ‘रामराव’, आधारवर ‘रामराव किसनराव’, पासबुकावर ‘आर. के.’ आणि सातबाऱ्यावर आणखी वेगळे नाव, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत पॅन माहेरच्या आणि आधार सासरच्या नावाने असतो. पॅन आणि आधार जोडलेले नसतील, तर पॅन निष्क्रिय होतो, परतावा अडकतो आणि करकपात चढ्या दराने होते. नावात किंवा जन्मतारखेत फरक असेल, तर ही जोडणीच होत नाही. त्यामुळे नवा पक्षकार आला की उत्पन्नाविषयी बोलण्यापूर्वी पॅन, आधार आणि पासबुक ही तिन्ही कागदपत्रे शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. दुरुस्ती लागणार असेल, तर ती एप्रिल-मे महिन्यांत करून घ्यावी. जुलैत आधार केंद्रावर शाळा-कॉलेजच्या प्रवेशाची गर्दी असते आणि पक्षकार स्वतः पेरणी-डवरणीत गुंतलेला असतो.

आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाकडे आहे, हे याच भेटीत विचारावे. तो पुण्यात राहणाऱ्या मुलाकडे किंवा गावातल्या पुतण्याकडे असतो, किंवा रिचार्ज न केल्याने केव्हाच बंद झालेला असतो. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या दुर्गम भागात माणूस घरी असला, तरी नेटवर्क असेलच असे नाही. ओटीपी थोडाच वेळ टिकतो. म्हणून पक्षकाराला आठवडी बाजाराच्या दिवशी फोनसह बोलवावे आणि समोर बसवूनच काम पूर्ण करावे.

येथे एक मोह होतो. सोय म्हणून आपलाच मोबाइल क्रमांक आणि आपलाच ई-मेल पक्षकाराच्या खात्यात मुख्य संपर्क म्हणून टाकण्याची पद्धत सर्रास दिसते. ती टाळावी. विभागाची प्रत्येक सूचना मग आपल्याकडे येते, शेकडो मेलमध्ये ती हरवते, आणि उत्तराची मुदत टळल्यावर पक्षकाराला काहीच ठाऊक नसते. मुख्य संपर्क पक्षकाराचाच असावा. आपला दुय्यम असला तरी चालतो. पासवर्ड एका वहीत लिहून ती टेबलावर उघडी टाकणे ही तितकीच वाईट सवय आहे.

दुसरी पायरी : विचारपूस

पोर्टलवरून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, आणि फॉर्म २६एएस, म्हणजे पक्षकाराच्या नावे कापला व भरला गेलेल्या कराचा तक्ता, काढून त्याची छापील प्रत समोर ठेवावी आणि मगच प्रश्न विचारावेत. बचत खात्यात वर्षभरात १० लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोकड भरली गेली असेल, तर बँक ती विभागाला कळवते. ३० लाखांच्या पुढच्या खरेदीखताची माहिती निबंधक कार्यालयातून जाते. पक्षकार विसरला तरी एआयएस विसरत नाही. उलट बाजूने पाहिले तर एआयएसमध्ये नाही म्हणून उत्पन्न नाही, असेही समजू नये, कारण दुधाचे आणि कोंबड्यांचे पैसे तिथे दिसत नाहीत.

आता वावराकडे वळू, कारण सर्वाधिक घोटाळे तिथेच होतात. कापूस, सोयाबीन, तूर, संत्रा किंवा धान यांचे उत्पन्न कलम १०(१) अन्वये करमुक्त आहे, हे सर्वांना माहीत असते. ‘करमुक्त’ म्हणजे ‘दाखवायचेच नाही’ असा अर्थ मात्र लोक परस्पर लावतात. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर आयटीआर-१ आणि आयटीआर-४ हे दोन्ही सोपे फॉर्म चालत नाहीत. आयटीआर-२ किंवा आयटीआर-३ भरावा लागतो. ते ५ लाखांपेक्षा जास्त असेल, तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की भाडेपट्ट्याची, ओलिताची की कोरडवाहू, ही सर्व माहिती द्यावी लागते. दूधविक्री, कुक्कुटपालन आणि शेळीपालन हे कायद्याच्या दृष्टीने शेतीचे उत्पन्न नव्हे, हे गावात पटवून देणे कठीण जाते. तरीही ते सांगावेच लागते.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले, तरी दुसऱ्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजले जाते. याचे उदाहरण सविस्तर पाहू, कारण जिल्हा परिषदेचे अनेक शिक्षक शेती बाळगून असतात. समजा, एका गुरुजींचा पगार १२,७५,००० रुपये आहे. नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर करपात्र उत्पन्न १२,००,००० रुपये उरते. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य ऐकून गुरुजी निश्चिंत असतात. मात्र त्यांना शेतीचे ३,००,००० रुपये निव्वळ मिळाले आहेत. आता दोन्ही मिळून १५,००,००० रुपयांवरचा कर १,०५,००० रुपये होतो. शेतीचे ३,००,००० आणि मूळ सूट ४,००,००० मिळून ७,००,००० रुपयांवरचा कर १५,००० रुपये होतो. दोहोंतला फरक ९०,००० रुपये. बारा लाखांपर्यंतचा कर शून्य करणारी कलम ८७ए ची सवलत जास्तीत जास्त ६०,००० रुपये असल्याने ३०,००० रुपये कर उरतो आणि ४ टक्के उपकर धरून ३१,२०० रुपये भरावे लागतात. हा हिशेब गुरुजींना कागदावर मांडून दाखवावा. तोंडी सांगितले तर ते दुसऱ्याकडे जातात, आणि तो दुसरा शेतीचा रकाना रिकामा सोडून त्यांना खूश करतो.

शेतीच्या आकड्याला पुरावा लागतो. सातबारा आणि आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद, बाजार समितीतील हिशेबपट्टी, जिनिंगची काटापट्टी, सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस दिला असेल तर बँकेत जमा झालेला चुकारा, आणि बियाणे, खत, फवारणी व वेचणीच्या मजुरीचा खर्च एका कागदावर लिहून घेऊन त्यावर पक्षकाराची सही घ्यावी. सातबाऱ्यावर तीन भावांची नावे असतील, तर चुकारा एकाच भावाच्या खात्यात आला तरी वाट्याचा प्रश्न विचारावा. जमीन बटईने किंवा मक्त्याने दिली असेल, तर कसणारा कोण आणि रक्कम कोणाला मिळाली, याची नोंद ठेवावी. चार एकर कोरडवाहू वावरात वीस लाखांचे उत्पन्न दाखवण्याची विनंती घेऊन कोणी आला, तर त्याला दुसरीकडचा पैसा शेतीच्या नावाखाली लपवायचा आहे, असे समजण्यास हरकत नाही.

जमिनीच्या विक्रीत गाव आणि शहर यांतला फरक निर्णायक ठरतो. नगरपालिकेची किंवा नगरपंचायतीची लोकसंख्या १०,००० ते १ लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटर, १ लाख ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर आणि १० लाखांच्या पुढे असेल तर ८ किलोमीटरपर्यंतची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जाते. त्यापलीकडची ग्रामीण शेतजमीन विकल्यास भांडवली लाभाचा कर लागत नाही. हे अंतर रस्त्याने नव्हे, सरळ हवाई रेषेत मोजायचे असते. अकोला किंवा यवतमाळच्या कडेचे वावर विकून लगेच दुसरीकडे शेती घेणाऱ्यांसाठी कलम ५४बी ची सवलत आहे, परंतु त्यासाठी विकलेली जमीन आधीची दोन वर्षे शेतीसाठी वापरलेली असली पाहिजे.

समृद्धी महामार्ग, गोसेखुर्द प्रकल्प आणि वणी-चंद्रपूर पट्ट्यातील कोळसा खाणी यांमुळे संपादनाच्या मोबदल्याची प्रकरणे आपल्याकडे सतत येतात. येथे ‘पैसे किती मिळाले’ याआधी ‘कोणत्या कायद्याखाली मिळाले’ हे विचारावे आणि निवाड्याची प्रत मागावी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील निवाड्याच्या रकमेवर त्या कायद्याच्या कलम ९६ मुळे आयकर लागत नाही. न्यायालयातून वाढीव मोबदला मिळाल्यावर त्यावरील व्याज मात्र ज्या वर्षी हातात पडते, त्या वर्षी करपात्र धरले जाते आणि त्यातून ५० टक्के वजावट मिळते. मूळ रक्कम आणि व्याज वेगळे दाखवणारा तक्ता मिळवल्याशिवाय या प्रकरणाला हात लावू नये.

पगारदारांपैकी शिक्षकांची थकबाकी हा नेहमीचा विषय आहे. वेतन आयोगाचा हप्ता किंवा जुनी थकबाकी एका वर्षात मिळाली, तर कलम ८९ ची सवलत मिळते, पण त्यासाठी फॉर्म १०ई विवरणपत्राच्या आधी भरलेला असावा लागतो. तो राहून गेला, तर सवलत नाकारली जाते. पंचायत समितीने तिमाही टीडीएस, म्हणजे करकपातीचे, विवरण वेळेत भरले नसेल किंवा पॅन चुकवला असेल, तर पगारातून कापलेला कर २६एएसमध्ये दिसत नाही. अशा वेळी घाईने रिटर्न न भरता आहरण-संवितरण (पगार काढून वाटणाऱ्या) अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागावी. गडचिरोलीतील आदिवासी कर्मचारी कधी कधी विचारतात की अनुसूचित जमातीला आयकर माफ आहे का. ती सवलत कलम १०(२६) मध्ये ईशान्येकडील राज्ये, सहाव्या अनुसूचीतील क्षेत्रे आणि लडाख यांपुरती आहे. आपल्याकडे ती लागू होत नाही. कर्मचारी वारल्यानंतर पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन हे पगारात नव्हे, इतर स्रोतांत धरायचे असते. शेअर बाजारात ऑप्शनचे सौदे करणारे तरुण शिक्षक आता खेड्यांतही आहेत. त्यांचा तोटा असला तरी तो व्यवसाय ठरतो आणि आयटीआर-३ लागतो.

व्यापाऱ्यांबाबत थोडक्यात सांगायचे तर कृषी केंद्र, किराणा किंवा कापड दुकान यांना कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवता येतो. बाजार समितीतील अडत्याचे उत्पन्न दलालीचे असल्याने त्याला हे कलम लागू होत नाही, आणि ही चूक फार ठिकाणी दिसते. कोळशाच्या किंवा धानाच्या वाहतुकीचे ट्रक दहापर्यंत असतील, तर ट्रकमागे ठरावीक नफा धरणारे कलम ४४एई पाहावे. जीएसटीत नोंदणीकृत व्यापारी शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतो, तेव्हा कर शेतकऱ्याने नव्हे, व्यापाऱ्याने उलट आकारणीने भरायचा असतो. जिनिंगचे काम घेण्यापूर्वी एवढे तरी पक्के असावे.

तिसरी पायरी : नाही म्हणणे

जुलै महिन्यात रोज ऐकू येणारे वाक्य म्हणजे, “भाऊ, यंदा काही रिफंड निघते का?” यामागे बहुधा शेजारच्या टेबलावर कोणीतरी खोटी घरभाडे पावती, न दिलेली देणगी किंवा नसलेले अपंगत्व दाखवून परतावा काढून दिल्याची बातमी असते. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी अशाच बनावट वजावटींची पडताळणी केली, आणि त्यात विवरणपत्रे भरून देणाऱ्यांच्या टोळ्याच लक्ष्य होत्या. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्यास चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड पक्षकाराला होतो, आणि खोट्या विवरणपत्राला साहाय्य करणाऱ्यावर कलम २७८ खाली खटला होऊ शकतो. परताव्याच्या टक्केवारीवर मेहनताना घेऊ नये, कारण तसे घेतले की खोटी वजावट टाकण्यात आपलाच फायदा निर्माण होतो. फॉर्मनुसार ठरलेली रक्कम भिंतीवर लावावी आणि पावती द्यावी.

दुसरी मागणी उलट दिशेची असते. ट्रॅक्टर किंवा घराच्या कर्जासाठी बँकेने तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली, म्हणून माणूस येतो आणि तिन्ही वर्षे आजच भरून द्या म्हणतो. जुन्या वर्षांसाठी अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येते, परंतु उशिरानुसार कर व व्याजावर २५ ते ७० टक्के जादा रक्कम द्यावी लागते आणि त्यातून परतावा मागता येत नाही. बँकेसाठी मोठा आकडा आणि तहसीलच्या उत्पन्न दाखल्यासाठी लहान आकडा, असे दोन आकडे एकाच वर्षासाठी देऊ नयेत.

तिसरी अडचण भीतीची आहे. “रिटर्न भरलं तर पीएम किसान बंद पडते म्हणतात” हे ऐकून अनेक जण येतच नाहीत. पीएम किसानच्या निकषात मागील करनिर्धारण वर्षात आयकर भरलेली व्यक्ती वगळलेली आहे. शून्य कराचे विवरणपत्र भरणे म्हणजे आयकर भरणे नव्हे. लाडकी बहीण योजनेतही कुटुंबातील आयकरदात्याची आणि अडीच लाखांच्या वार्षिक उत्पन्नाची अट आहे. तेव्हा योजना कोणत्या आहेत हे विचारून घ्यावे, कर शून्य असल्यास पोचपावतीबरोबर उत्पन्नाच्या गणनेचीही प्रत द्यावी, आणि कर लागत असल्यास योजनेसाठी उत्पन्न लपवू नये, हे स्पष्ट सांगावे.

चौथी पायरी : भरणे आणि सत्यापन

सर्व कागद जमल्यावर दोन्ही करप्रणालींत गणना करून पाहावी. नवी प्रणाली आपोआप निवडलेली असते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला मुदतीत विवरणपत्र भरताना जुनी निवडता येते, मग कार्यालयाने कर कोणत्याही प्रणालीने कापलेला असो. व्यवसाय असणाऱ्याला त्यासाठी फॉर्म १०-आयईए मुदतीत द्यावा लागतो. गृहकर्ज आणि विमा असलेल्या शिक्षकांना पूर्वी जुनीच परवडत असे. २०२५-२६ च्या नव्या दरांनंतर हे गृहीत धरणे सोडावे.

पगारदारांची नेहमीची मुदत ३१ जुलै आहे. तारखा अधूनमधून वाढतात. २०२५ मध्ये ती १५ सप्टेंबर आणि शेवटच्या क्षणी १६ सप्टेंबर झाली. मुदतवाढीच्या भरवशावर गठ्ठे साठवू नयेत. शेवटच्या आठवड्यात पोर्टल मंदावते आणि आपल्याकडे नेमकी तेव्हाच पावसाने वीज जाते. मुदत चुकल्यास ५,००० रुपयांपर्यंत, आणि उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागते.

सादर करण्यापूर्वी मसुद्याची प्रत काढून पक्षकाराला मराठीत वाचून दाखवावी आणि त्यावर सही किंवा अंगठा घ्यावा. विवरणपत्र सादर केल्यावर ३० दिवसांच्या आत सत्यापन, म्हणजे ते आपलेच असल्याची पक्षकाराची पुष्टी, झाले नाही, तर सारे श्रम वाया जातात. आधार ओटीपी मिळत नसेल, तर नेट बँकिंगने किंवा पूर्वप्रमाणित बँक खात्याने करावे. तेही नसेल, तर सही केलेली पोचपावती बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पोस्टाची पावती फाइलला लावावी.

नोटीस आल्यावर

कलम १४३(१) ची सूचना आली की गावात ‘इन्कम टॅक्सची नोटीस आली’ असा बोभाटा होतो. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा केवळ गणनेचे पत्र असते. आपण भरलेले आणि विभागाने काढलेले अशा दोन स्तंभांतील आकडे ताडून पाहावेत. सारखे असतील तर काहीच करायचे नसते. कलम १३९(९) खालील सदोष विवरणपत्राच्या सूचनेला १५ दिवसांत, आणि १४३(१)(ए) खालील प्रस्तावित बदलाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. छाननीची किंवा फेरनिर्धारणाची नोटीस असेल, तर ती त्याच दिवशी सनदी लेखापालाकडे पाठवावी. परतावा मंजूर झाला असून दुव्यावर बोट ठेवा, असे सांगणारे संदेश बनावट असतात. खऱ्या नोटिशीवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि लॉगिन न करताही पोर्टलवर तो तपासता येतो. ही तपासणी पक्षकाराच्या मुलाला एकदा करून दाखवावी, म्हणजे पुढच्या वेळी तो घाबरून धावत येण्याऐवजी क्रमांक पाहूनच फोन करील.